दोन पीळ जास्त

लालासाहेबाच्या नावात साहेब आहे, तेवढाच. आपल्याकडं पोराच्या नावात साहेब घालून ठेवायची पद्धतच आहे; पुढं ते पोरगं साहेब होवो नाहीतर सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होवो. हा हमाल झाला. यार्डात त्याला सगळे नुसतं लाला म्हणतात, आणि नवीन ड्रायव्हर आला की जुने त्याला आधीच सांगून ठेवतात, "माल कुणाकडनंबी भरून घे, पण गाडी लालाकडनं बांध."

गाडी बांधणं म्हणजे काय हे ज्याने कधी पाहिलं नाही त्याला सांगायला हवं. दोनशे पोत्यांची थप्पी लागली, वर ताडपत्री पडली, की त्यावरून दोर आडवा टाकायचा आणि खाली गाडीच्या कडेला जे लोखंडी हुक असतात त्यांना आवळायचा. नुसता हाताने कितीही ओढा, दोर आवळत नाही. म्हणून छातीच्या उंचीवर दोराला एक पीळ देऊन त्याचा कान, म्हणजे छोटा फास, काढायचा, दोराचं टोक खालच्या हुकातून वर आणून त्या कानातून ओवायचं आणि मग सगळा भार देऊन खाली खेचायचं. एका माणसाच्या अंगात तिघांची ताकद येते. थप्पी कण्हल्यासारखा आवाज करते, पोती एकमेकांना चिकटतात. मग बोटाने तो ताण धरून ठेवायचा आणि कानापाशी सुरगाठ मारायची. सुरगाठच. गाडीवर निरगाठ मारणारा माणूस लालाच्या हिशोबी माणसात जमा नव्हता. निरगाठ माल उतरवताना सुटत नाही, ड्रायव्हरला दोर कापावा लागतो. सुरगाठ अख्खी थप्पी धरून ठेवते आणि दोराची मोकळी शेंडी ओढली की एका झटक्यात सुटते.

ही गाठ काही लालाने शोधलेली नव्हती. त्याच्या आधीचे हमाल तीच मारायचे, त्यांच्या आधीचे गाडीवानही. पण लालाच्या हाताला ती अशी बसली होती की गप्पा मारता मारता, तोंडात तंबाखू धरून, दोराकडे न बघता तो बारा हुक आवळून मोकळा व्हायचा. लोकांनी तिला लालाची गाठ म्हणायला सुरुवात केली. लालाने कधी नको म्हटलं नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे मात्र त्याच्या डोक्यात हवा गेली, आणि ती मी झाकून ठेवणार नाही.

रीत अशी की गाडी यार्डातून निघाली की दहा-बारा किलोमीटरवर ड्रायव्हरने ती बाजूला घ्यायची, खाली उतरायचं आणि दोरांवर हात फिरवून ताण बघायचा. रस्त्याच्या हादऱ्याने माल बसतो, बसला की दोर सैल पडतो. यात कुणाचा अपमान नाही. पण एकदा मिरजेच्या एका ड्रायव्हरने लालाने बांधलेली गाडी यार्डाच्या फाटकातच थांबवून एक दोर परत आवळला. लालाने ते बघितलं. भर फाटकात त्याने त्या माणसाला सगळे दोर सोडायला लावले आणि म्हणाला, "माझ्या गाठीला हात लावायचा आसंल तर दुसरा गडी बघ." वर्षभर त्याची गाडी बांधली नाही. तेव्हापासून सगळ्या ड्रायव्हरांनी धडा घेतला. लालाची गाठ असली की वाटेत कुणी उतरून ताण बघेनासं झालं. लालाला हा आपला मान वाटायचा. मान कसला, नुसती मस्ती होती ती.

धनाजी हा त्याचा जवळचा ड्रायव्हर. वडूजकडच्या एका खेड्यातला, दुष्काळी मुलखातल्या माणसासारखाच कमी बोलणारा, कमी खाणारा. रस्त्यात कोंबडी आडवी आली तरी ब्रेक मारणारा. सांगलीत माल भरायला आला की भाकरी लालाबरोबर खायचा. लालाची बायको बनुबाई डब्यात दोघांपुरती भाजी घालायची, कारण धनाजीच्या डब्यात चटणीशिवाय काही नसायचं हे तिला ठाऊक होतं. दोघांची वीस वर्षांची दोस्ती.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस. धनाजीची गाडी सरकी पेंडीने भरली होती, वडूजच्या व्यापाऱ्यांसाठी. त्याचे जुने काथ्याचे दोर झिजून झिजून तुटायला आले होते, म्हणून त्याने फाटकासमोरच्या चांदसाहेबांच्या दुकानातून नवा दोर आणला. पिवळा, चकचकीत, प्लास्टिकचा. चांदसाहेबांचं दोर-ताडपत्रीचं दुकान यार्डाइतकंच जुनं. ते स्वतः दोराच्या वेटोळ्यामागोमाग गाडीपर्यंत चालत आले आणि लालाला म्हणाले, "लाला, ह्यो दोर निसरडा हाय. काथ्यासारका चावून धरत न्हाई. कानाला दोन पीळ जास्त घाल."

लाला म्हणाला, "चांदभाई, दोर तुमी इका. गाठ मी मारतो."

आजूबाजूचे चार हमाल हसले. चांदसाहेबही हसले आणि दुकानात परत गेले. लालाने नेहमीसारखा एकच पीळ घालून बारा हुक आवळले. धनाजी सकाळी सातला निघाला. वाटेत तो ताण बघायला थांबला नाही. का थांबला नाही, ते वर सांगितलंच आहे.

अकराच्या सुमाराला यार्डात फोन आला. वडूजच्या अलीकडे एका वळणावर गाडीवरची पोती एका बाजूने ढासळली होती आणि त्याच वेळी समोरून शाळेतले एक गुरुजी स्कूटरवरून येत होते. मानसिंग गुरुजी. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

पडलेली पोती दुसऱ्या गाडीत भरायला यार्डातून पाच हमाल जीपने पाठवले, त्यात लाला होता. तिथे पोचले तेव्हा गुरुजींना साताऱ्याला हलवलं होतं. रस्त्यावर पेंडीचा चुरा पसरला होता आणि त्यातच एक चप्पल पडली होती. धनाजी रस्त्याकडेच्या दगडावर बसला होता. त्याने लालाकडे बघितलं, पण ओळखल्याचं काही त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

बाकीचे पोत्यांकडे गेले. लाला गाडीला वळसा घालून ज्या बाजूने थप्पी ढासळली होती तिकडे गेला. तिथे दोर लोंबत होता. सुरगाठ जशीच्या तशी होती, त्याने मारलेली, शेंडीसकट. पण कान जागेवर नव्हता. छातीच्या उंचीवर काढलेला कान सरकत सरकत गुडघ्यापर्यंत खाली आला होता, आणि तो जिथून घसरत आला तेवढ्या लांबीचा दोर घासून पांढुरका झाला होता. हातभर ढील पडली होती. शेजारच्या हुकावरही तेच. आंधळ्याला हाताने चाचपून कळलं असतं, इतकं ते उघड होतं.

पंचनाम्याला आलेला हवालदार अजून पलीकडच्या बाजूला टेप धरून मोजमाप करत होता. लालाने इकडेतिकडे बघितलं. मग शेंडी धरून ओढली. एका झटक्यात गाठ सुटली, कान उलगडला, दोर नुसता दोर होऊन खाली पडला. दुसऱ्या हुकावरचीही त्याने सोडली. दोर गुंडाळला आणि केबिनमध्ये टाकला. या सगळ्याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. आयुष्यभर ज्या गुणाचं त्याने कौतुक केलं, की ही गाठ पटकन सुटते, तो गुण त्या दिवशी असा कामाला आला.

हवालदार आला. म्हणाला, "गाडी बांधली कुणी?"

लालाची नजर केबिनकडे गेली. पण धनाजी दगडावरून उठून आला होता. तो म्हणाला, "सायेब, बांधणीचा काय संबंध न्हाई. ह्या लालानं बांधली हुती. ह्येची गाठ आजपातूर कवा सुटली न्हाई. माझ्याच हातनं गाडी वळणावर जोरात गेली आसंल."

"किती स्पीड होता?"

"चाळीस धरा. वाटलं तर पन्नास लिवा."

हवालदाराने लालाकडे बघितलं. लालाने हो म्हणून मान हलवली. एक शब्द बोलला नाही, नुसती मान हलवली. नंतर कितीतरी वेळा त्याने स्वतःची समजूत काढली की आपण खोटं असं काही बोललोच नाही.

धनाजीने कोर्टातही तेच सांगितलं. लायसन गेलं, नोकरी गेली. पुढे लायसन परत मिळालं असतं, पण त्याने मागितलंच नाही. गावी जाऊन शेळ्या राखू लागला. मोटारसायकलवर मागे बसायलासुद्धा तो तयार नसतो, जायचं तिथे एसटीने नाहीतर चालत जातो, असं त्या बाजूचे ड्रायव्हर सांगायचे. सांगताना हळहळायचे आणि वर म्हणायचे, "भला मानूस, पर वळणावर चुकला." हे लालाच्या समोर म्हणायचे, त्याच्या हातात दोर असताना.

आणि लालाने काय केलं? दुसऱ्या दिवसापासून प्लास्टिकच्या दोराला कान काढताना तो दोन पीळ जास्त घालू लागला. गुपचूप. कुणी विचारलं तर "सवय" म्हणायचा. त्याची गाठ त्यानंतर कधीच सरकली नाही, त्याचं नाव जसंच्या तसं राहिलं, किंबहुना वाढलं. नाव त्याचं शाबूत राहिलं, गेलं ते धनाजीचं. एवढं सगळं करून वर हा माणूस रोज डबा खात होता.

खात होता, पण सुखाने नव्हे, हेही खरं. बनुबाई सवयीने दोघांपुरती भाजी घालायची ती त्याने एक दिवस चिडून बंद करायला लावली. चांदसाहेबांनी महिनाभरातच ते दोन पीळ बघितले. ते गाडीपाशी उभे राहिले, दोराकडे बघितलं, लालाकडे बघितलं. एवढंच विचारलं, "घालाय लागलास व्हय?"

"सवय," लाला म्हणाला.

चांदसाहेब हे मरेपर्यंत कुणाजवळ बोलले नाहीत. पण लालाला त्यांच्या दुकानावरून जायची चोरी झाली. तो मागच्या फाटकाने यार्डात येऊ लागला. पाच मिनिटांच्या वाटेला पंधरा मिनिटं घालू लागला. धनाजीचा फोन दिवाळीला, संक्रांतीला यायचा. लाला तो वाजू द्यायचा आणि नंतर बनुबाईला सांगायचा की यार्डात काही ऐकूच येत नाही.

एकदा मात्र तो वडूजला गेला. सकाळच्या एसटीने गेला, स्टँडवर उतरला, समोरच्या हॉटेलात दोन वेळा चहा प्यायला आणि पुढच्या गाडीने परत आला. शर्ट धुताना बनुबाईला खिशात तिकिटं सापडली. ती म्हणाली, "आवं, वडूजला कुनाला ठिवलीय का काय?" लालाला हसता आलं नाही. तिने परत विचारलं नाही.

न सांगायला त्याच्याकडे कारणं होती. पहिल्या वर्षी पोलिसांची भीती होती. मग यार्डातल्या लोकांची. मग एवढी वर्षं झाली, आता सांगून कुणाचा पाय परत येणार आहे, असं त्याने मनाशी ठरवलं. हे शेवटचं कारण सगळ्यांत लबाड होतं आणि लालाला ते कळत होतं. कळत असूनही ते त्याने उशाला घेतलं होतं.

या वर्षी दसऱ्याच्या आधी एका अनोळखी नंबरावरून फोन आला म्हणून त्याने उचलला. पलीकडे बाईचा आवाज होता. "लालाकाका, मी संयोगिता. धनाजीआबांची सून. आमी उद्या सांगलीला येतोय. पिकअप घेतलीय मी. पेंडीचा पयला माल भरायचा हाय, आन आबा म्हंत्यात, गाडी तुमीच बांधायची."

लालाच्या तोंडून "या" निघालं. दुसरं काय निघणार?

दुसऱ्या दिवशी नऊला पिकअप यार्डात आली. पांढरी, बॉनेटला झेंडूचा हार. चालवत होती संयोगिता. तिचा नवरा जयराज फौजेत, पोस्टिंग लांब पंजाबात; घरी शेळ्या होत्या, दोन म्हशी होत्या, आणि गावात पेंड वेळेवर मिळत नाही ही सगळ्यांची रड. तिने लायसन काढलं, गाडी घेतली. धनाजी तिच्याबरोबर गाडीत आला नव्हता. तो मागून एसटीने आला, यार्डात चालत आला. केस पांढरे, पाठीला किंचित बाक. लालाला बघून त्याने दोन्ही हातांनी त्याचे दंड धरले.

"वाळलास गड्या," धनाजी म्हणाला.

लालाने त्याच्या छातीकडे बघत "तू बी" म्हटलं. डोळ्यांकडे बघणं त्याला जमलं नाही.

तीस पोती भरून झाली. ताडपत्री पडली. संयोगिताने सीटमागून दोराचं वेटोळं काढलं. पिवळा, चकचकीत, नवा.

"सूनबाई, नीट बघ," धनाजी म्हणाला. "माझ्या हातनं गाडी गेली, लायसन गेलं, समदं झालं. पर ह्येच्या गाठीला कुनी बोट लावू शकलं न्हाई. त्या दिवशी बी चूक माझीच हुती, गाठीची न्हवं."

लालाने पहिला हुक आवळला. कान काढला, पीळ घातला, त्यावर दोन पीळ जास्त घातले, टोक ओवलं, खेचलं, सुरगाठ मारली. नऊ वर्षांची सवय.

संयोगिता जवळ वाकून बघत होती. म्हणाली, "काका, ह्ये दोन पीळ कशाला?"

"सवय."

"आबांनी मला घरी शिकवलीय तुमची गाठ. बाजंच्या पायाला बांधून रोज करून घेतली. त्यात एकच पीळ हाय."

"हां, एकच," धनाजी म्हणाला. "मी वीस वर्षं बघितलीय. एकच पीळ घालायचास तू."

"आता दोन जास्त घालतो," लाला म्हणाला. "वय झालं. हातात जोर न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या काका, उरलेलं मी बांधते," पोरगी म्हणाली. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, उलट म्हाताऱ्याचे कष्ट वाचवायचे होते तिला. तिने दुसऱ्या हुकाशी जाऊन झटक्यात कान काढला. एक पीळ. टोक ओवून दोन्ही पाय रोवून खेचलं. सुरगाठ मारली. चांगली मारली, लालाने तरुणपणी मारली असती तशीच हुबेहूब. धनाजीच्या तोंडावर कौतुक मावेना.

"दोन पीळ जास्त घाल, पोरी," लाला म्हणाला.

"बसलीय की काका, बघा." तिने गाठीवर थाप मारली.

"घाल म्हंतो ना."

"लाला, आरं, ऱ्हाऊ दे की," धनाजी म्हणाला. "जुनी गाठच खरी तुजी. शिकंल तर तीच शिकू दे. आन वाटंत उतरून ताण बगत बसू नको गं सूनबाई, लालाच्या गाठीला ती रीत न्हाई."

तिसरा हुक. चौथा हुक. तिचा हात भराभर चालला होता. लाला तिच्या मागे मागे चालत होता आणि त्याला पुढचा सगळा रस्ता दिसत होता: विटा, मायणी, ते वळण. बाजंच्या पायाला गाठ सरकत नाही, तिथे ओढायला दीड टन माल नसतो. ही पोरगी तासा-दोन तासांत त्या वळणावर पोचेल. तो काहीतरी थाप मारू शकला असता. दोराच्या कंपनीने सांगितलंय म्हणाला असता, नवा कायदा आलाय म्हणाला असता. तशी थाप त्याच्या तोंडापर्यंत आलीही. पण ती ऐकून धनाजी पुन्हा हसून मान डोलवेल आणि आपल्याला पुन्हा चांगला म्हणेल, हे त्याला त्या क्षणी सहन होईना. त्याला स्वतःची इतकी किळस आली की पाचव्या हुकापाशी त्याने पोरीच्या हातातला दोर धरला.

"ह्या दोरावर ती गाठ सरकती," तो म्हणाला.

संयोगिता थांबली. धनाजी अजून हसतच होता. "आसं कसं? ह्याच दोरावर तर बांधली हुतीस तू माझी गाडी. चांदभाईच्या दुकानातनं आणलेला. आसाच पिवळा."

लालाने धरलेला दोर सोडला नाही.

धनाजीचं हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतलं गेलं, मग तोंडावरचं, आणि त्यात बराच वेळ गेला. पलीकडे कुणीतरी गुळाच्या ढेपा मोजत होतं, त्याचा आकडे म्हणण्याचा आवाज तेवढा येत होता.

"सरकली हुती?" धनाजीने विचारलं.

"कान गुडघ्यापातूर आला हुता. दोनी हुकांवर. गाठी मी सोडून टाकल्या, हवालदार त्या बाजूला यायच्या आदी."

"म्हंजी तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी."

धनाजी गाडीच्या फाळक्याला टेकला. संयोगिता त्याला धरायला पुढे आली, तिला त्याने हातानेच थांबवलं. लालाला वाटलं, हा आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

"माझी गाडी चाळीसच्या वर न्हवती," धनाजी म्हणाला. लालाला नव्हे, स्वतःला सांगितल्यासारखं. "मी म्हनत हुतो, काटा बघायला चुकलो आसंन. रोज म्हनतो." मग म्हणाला, "लाला, मी दर पाडव्याला मानसिंग गुरुजींच्या घरी जातो. पाया पडाय. पाय एकच हाय. त्याच्यावर डोकं ठिवतो, आन म्हनतो, गुरुजी, माझं चुकलं."

"पोती खाली घे," धनाजी सुनेला म्हणाला, पण लगेच त्याने स्वतःच मान हलवली. "न्हाई. पोती न्हाई. गाठी सोड. ह्यो सांगतोय तशा परत बांध. दोन पीळ जास्त."

संयोगिताने शेंड्या ओढल्या. एकामागून एक तीन गाठी मोकळ्या झाल्या. लाला पुढे झाला तेव्हा तिने दोर त्याच्या हातात दिला नाही. स्वतः बांधत गेली, प्रत्येक कानाला तीन पीळ मोजून. शेवटच्या हुकापाशी आल्यावर तिने वळून विचारलं, "बरोबर हाय का?" कुणाला विचारलं ते तिने सांगितलं नाही. लाला म्हणाला, "हाय."

धनाजी तोपर्यंत फाटकाकडे चालू लागला होता, स्टँडच्या वाटेला. लाला त्याच्यामागे गेला. चार पावलं मागे राहून चालला, बरोबरीने चालायची त्याला हिंमत झाली नाही. वाट चांदसाहेबांच्या दुकानावरूनच जात होती. आता गल्ल्यावर त्यांचा मुलगा शाहनवाज बसतो.

"धनाजी, मी येतो गुरुजींकडं," लाला मागून म्हणाला. "आजच येतो. त्यांच्या म्होरं सांगतो समदं."

धनाजी थांबला. वळला नाही.

"ये की," तो म्हणाला. "पर एक आदीच सांगतो. गुरुजींनी मला माफ केलंय, लाला. दुसऱ्याच वर्षी केलंय, पाठीवर हात ठिवून. तुज्यासाठी काय शिल्लक हाय का, ते मला न्हाई म्हाईत."

आणि तो चालू लागला.